अर्ध्या गाडीचं काम

"त्या शहाण्याला सांग, आधी चाकाचे नट ढिले कर आणि मग जॅक लाव," दादा म्हणाला.

हे ज्या शहाण्याला सांगायचं होतं तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला उकिडवा बसला होता आणि त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. पण ऐकू येणं वेगळं आणि निरोप मिळणं वेगळं. तो माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी बॉनेटपाशी, दोघांच्या मधोमध, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात काळा रबरी बूट घेऊन उभी होते.

"शीतल, दादा म्हणतोय, नट आधी ढिले करून घे." 'शहाण्या' मी गाळला.

"त्याला सांग, ते ढिले करूनच बसलोय. डोळे असले तर बघ म्हणावं."

"दादा, झालंय म्हणतोय तो."

"एवढंच म्हणाला?"

"एवढंच."

शीतल म्हटल्यावर परगावच्या लोकांना आधी मुलगी वाटते. आमच्या जैनांत ते पुरुषाचं नाव, तीर्थंकरांवरून ठेवतात. स्वभावाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. दादाचं नाव धन्यकुमार, तो थोरला. शीतल धाकटा. मी त्रिशला, मधली, आणि त्या दिवसांत सगळ्याच अर्थांनी मधली. जयसिंगपूरच्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर दादा राहायचा आणि वरच्या मजल्यावर शीतल. आई खाली राहायची आणि वर जेवायची, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. आमचे वडील अण्णा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, या दोन भावांचा एकमेकांशी अबोला होता.

अबोला होता म्हणून बोलणं थांबलं होतं असं मात्र नाही. वरच्या मजल्याला खालच्या मजल्याशी काही बोलायचं झालं की वरचा मजला बेळगावला फोन लावायचा. "ताई, त्याला सांग, पाण्याची मोटर लई वेळ चालू ठेवू नको." मग मी बेळगावहून खालच्या मजल्याला फोन लावायचे. दादा म्हणायचा, "त्याला सांग, टाकी तुझ्या बापाची न्हाई." मी पुन्हा वर फोन लावून म्हणायचे, "दादा बघतो म्हणालाय." माझे यजमान म्हणायचे, तुझ्या माहेरचं पाणी आपल्या फोनच्या तारेतून चढतं. निरोप वहिन्यांकडे द्यायची सोय नव्हती, कारण त्या दोघींचं आपसात उत्तम चालायचं आणि त्या निरोप ऐकून हसायच्या. त्यापेक्षा परराज्यात दिलेली बहीण बरी, असं दोघांचं मत होतं. त्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

वाटणी मामांनी केली होती. शेतीपंपांचं दुकान दादाला, दुकानामागचं वर्कशॉप शीतलला, रान निम्मं निम्मं, विहीर सामाईक. शेवटी उरली अण्णांची जुनी पांढरी मारुती. दोघांनाही ती हवी होती, आणि विकायचं नाव काढलं की दोघेही उठून उभे राहायचे. मामा कंटाळले होते. "गाडी सामाईक," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि एसटी पकडली. मामांच्या डोळ्यांसमोर असणार विहीर. विहिरीला डावी-उजवी बाजू नसते. गाडीला असते.

शीतल म्हणाला, डावी बाजू माझी. दादा म्हणाला, मग उजवी माझी. इंजिन, बॅटरी आणि डिकी सामाईक. मी हे कुणाला सांगितलं की लोकांना मी रचून सांगतेय असं वाटायचं. उजव्या बाजूचे दोन्ही टायर नवे, डाव्या बाजूचे गुळगुळीत. डाव्या दारांना नवा रंग, उजव्या दाराला म्हशीनं शिंग मारलेला पोचा तसाच. शीतलला गाडी न्यायची असली की ड्रायव्हरच्या सीटवर तो स्वतःचा टॉवेल टाकायचा, कारण ती सीट दादाच्या बाजूला. आणि दादानं गाडीत मागे कधी कुणाला घेतलंच तर तो त्यांना आपल्या मागे, उजवीकडेच सरकून बसायला सांगायचा.

आता या बुटांचं. गाडीची पुढची चाकं वळवायला एक आडवा लोखंडी दांडा असतो. स्टिअरिंग फिरवलं की तो या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतो. त्याची दोन्ही टोकं टायरॉड नावाच्या आट्यांच्या सळईनं चाकांना जोडलेली असतात, आणि त्या टोकांवर घड्याघड्यांचे रबरी बूट चढवलेले असतात, धूळपाणी आत जाऊ नये म्हणून. आमच्या गाडीचे दोन्ही बूट चिरले होते. मुल्ला मिस्त्रीनं सांगितलं, दोन्ही बदला, नाहीतर रॅक, म्हणजे तो दांडाच, जाईल. बूट जोडीनंच मिळतात. दादानं जोडी आणली, उजवीकडचा बसवून घेतला आणि डावीकडचा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवून दिला. शीतलनं मागितला असता तर दिला असता म्हणे. दादानं दिला असता तर शीतलनं घेतला असता म्हणे. हे दोन्ही निरोप माझ्याकडे आले होते, आणि काय करणार, मी ते पोचवलेही होते. तेवढ्यात पाऊसकाळ गेला. डावीकडच्या फाटक्या बुटातून चिखल आत जाऊन बसला आणि स्टिअरिंग कुरकुरायला लागलं. मुल्ला मिस्त्रीनं यापुढं गाडीला हात लावायला नकार दिला. "अख्खी गाडी आणा," तो म्हणाला, "अर्ध्या गाडीचं काम मी करत न्हाई."

तर त्या दिवशी क्षमावाणी होती. पर्युषण संपलं की आम्ही एकमेकांची क्षमा मागतो, वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल त्याबद्दल. सकाळपासून दादानं गल्लीतल्या प्रत्येक माणसाला हात जोडले होते. शीतलनं तर ज्याच्याशी कोर्टात केस चालू होती त्या पाइपवाल्यालाही "उत्तम क्षमा" म्हणून मिठी मारली होती. मग दोघे आईपुढं आले. आईनं पर्युषणातले शेवटचे दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले होते आणि आज तिचं पारणं होतं. मुगाचं पाणी मी पहाटेच करून ठेवलं होतं. दोघांनी वाकून नमस्कार केला. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता एकमेकांना म्हणा."

दादा माझ्याकडे वळला. "त्रिशला, शीतलला सांग, माझं काही चुकलं असलं तर क्षमा."

शीतल माझ्याकडे वळला. "ताई, 'असलं तर' म्हणजे काय विचार त्याला. चुकलंच हाय की."

"मग त्याचं काय चुकलं न्हाई का, विचार."

"क्षमा आज मी मागायची का त्यानं, ते आधी ठरवा म्हणावं."

 आईनं मुगाच्या पाण्याची वाटी माझ्या हातात परत दिली.

"मला बाहुबलीच्या डोंगरावर घेऊन चला," ती म्हणाली. "अण्णांच्या गाडीतनं. तुम्ही दोघं. दर्शन झालं की मग पारणं."

आम्ही तिघांनी मिळून तिला खूप समजावलं, म्हणजे दोघांनी माझ्यामार्फत. रिक्षा आणतो म्हटलं, शेजारच्या चौगुल्यांची जीप आणतो म्हटलं. आई एकच वाक्य बोलत होती, "अण्णांच्या गाडीतनं." गाडीचं स्टिअरिंग धड नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग धड करा. दादाच्या कपाटात तो रबराचा तुकडा हाय की." दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं कपाट उघडलं, वर्तमानपत्राची पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "आईसाठी देतोय. त्याला सांग."

आमच्यात दिवस मावळला की तोंडात काही पडत नाही. म्हणजे मावळायच्या आत बाहुबली झालं नाही तर आईची आणखी एक रात्र उपाशी जाणार होती. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि उठताना तिनं दोनदा भिंतीचा आधार घेतला होता. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मला राग येतो. वहिन्या मुलांना घेऊन मंदिरात कार्यक्रमाला गेल्या होत्या. राहिले आम्ही चौघं आणि अर्धी अर्धी गाडी.

चाक निघालं. शीतल आपल्या डाव्या बाजूनं गाडीखाली सरकला, फक्त पाय बाहेर. आता स्टिअरिंग फिरवायला कुणीतरी हवं होतं. एका बाजूला पुरतं फिरवलं की दांडा बाहेर येतो आणि मग बुटाच्या आतल्या क्लिपपर्यंत हात पोचतो. मी बसून फिरवून बघितलं. दुसरं चाक जमिनीवर होतं, स्टिअरिंग तसूभर हललं नाही. दादाच हवा होता. दादा आपल्या बाजूच्या आपल्या दारातून आपल्या सीटवर बसला, शीतलचा टॉवेल दोन बोटांनी उचलून त्यानं डॅशबोर्डवर ठेवला, आणि दोघे आपापल्या हद्दीत कामाला लागले. सीमेवर मी.

"त्याला सांग, टायरॉड काढायच्या आधी खूण करून ठेव," दादा म्हणाला. "किती आत होता ते कळाय पाहिजे. न्हाईतर बाहुबलीला निघू आणि इचलकरंजीत पोचू."

"शीतल, खूण कर म्हणतोय."

"त्याला सांग, मी मोटारी खोलतोय, लोणच्याची बरणी न्हवं."

"हो म्हणाला."

गाडीखालून हातोडीचे घाव ऐकू आले, मग शिव्या, मग पुन्हा घाव. टायरॉड सुटला. शीतलचा ग्रीसनं माखलेला हात बाहेर आला आणि माझ्या पायाशी फाटका बूट पडला. त्यातून ओला चिखल निघाला.

"हे बघ म्हणावं त्याला," आतून आवाज आला. "हे बघ त्याच्या कपाटाचं पुण्य."

"काय म्हणतोय?" दादानं विचारलं.

"निघाला म्हणतोय बूट."

"आता उजवीकडं फिरवायला सांग," शीतल म्हणाला.

"दादा, उजवीकडं."

"कुणाच्या उजवीकडं?"

"शीतल, कुणाच्या उजवीकडं?"

"माझ्या."

"दादा, त्याच्या."

"तो उताणा पडलाय. त्याची उजवी कुठली?"

"शीतल, तुझी उजवी कुठली?"

"ताई, तू शाळेत गेलीस का न्हाई?"

दादानं अंदाजानं एका बाजूला फिरवलं. खालून ओरडा आला. दुसऱ्या बाजूला फिरवलं. पुन्हा ओरडा. मी वाकून खाली बघू, का खिडकीतून आत बघू, अशा उठाबशा काढत होते. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता, कुंकू विस्कटलं होतं, आणि सूर्य समोरच्या घराच्या गच्चीकडे निघाला होता. हे असंच चाललं तर मकरसंक्रांतीला आम्ही बाहुबलीला पोचू, असं माझ्या मनात आलं.

"त्रिशला," आईनं आतून हाक मारली. "आत ये."

"आई, काम चाललंय."

"आत ये म्हटलं ना."

तिचा आवाज इतका बारीक होता की मी घाबरले. पाना आणि बूट शीतलच्या पायांजवळ ठेवून मी आत पळाले. आई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली होती. मला वाटलं तिला चक्कर येतेय. तिनं मला समोरच्या पाटावर बसायला लावलं आणि माझं मनगट धरलं.

"पाणी देऊ?"

"नको."

"पडतेस का जरा?"

"नको. तू बस."

"अगं, त्यांना मी लागते तिथं."

"म्हणूनच बस म्हणतेय."

उपाशी बाईच्या हातात एवढी ताकद कुठून येते कोण जाणे. मी बसले.

 बाहेरून शीतलची हाक आली, "ताई!" मी उठायला गेले. आईनं मनगट आवळलं. पुन्हा हाक, "ताई! फिरवायला सांग की!" मग दादाची, "त्रिशला! कुठं गेलीस? तो काय म्हणतोय?" गाडीच्या पत्र्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, आणि दोघेही मला विचारताहेत की दुसरा काय म्हणतोय. आई खिडकीबाहेर बघत होती. हसत नव्हती, पण तिच्या गालाला खळी पडायची ती जागा हलत होती.

शेवटी दादा हवेशी बोलला. "इथं कुणाला स्टिअरिंग फिरवून पाहिजे असलं तर सांगावं."

गाडीखालून, तेही हवेलाच, उत्तर आलं. "फिरवावं. हळू फिरवावं."

"कुठल्या बाजूला फिरवावं?"

"दुकानाच्या बाजूला."

"दुकानाच्या म्हणजे बाजारपेठेच्या?"

"दुसरं दुकान हाय का कुणाचं?"

स्टिअरिंग फिरल्याचा करकर आवाज आला. आणि मग शीतल असा ओरडला की समोरच्या घरातली कुत्री भुंकायला लागली.

"अरे दादा! बोट! बोट! थांब की रे!"

गाडीचं दार धाडकन उघडलं. "कुठलं बोट?"

"उतरतोस कशाला गाढवा, आधी उलटा फिरव की!"

"उलटा म्हणजे कुठं?"

"आत्ता फिरवलंस त्याच्या उलटा!"

पुन्हा करकर. मग शीतलचा लांब सुस्कारा. मग दादा म्हणाला, "गाढव कुणाला म्हणतोस?"

"तुला! दुसरं कोण हाय इथं?"

मी अर्धी उठले होते. "आई, बोट गेलं असेल त्याचं."

"बोट गेलं असतं तर आई गं म्हणून ओरडला असता," आई म्हणाली. "गाढव म्हणतोय म्हणजे शाबूत हाय. बस."

खिडकीतून मला दिसलं ते असं की दादा बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो खाली बसला, शर्टाची पर्वा न करता उताणा पडला आणि गाडीखाली सरकला. आता एकाच बाजूनं चार पाय बाहेर होते, दोन चपलांतले आणि दोन अनवाणी.

"दाखव. हे काय, नुसतं खरचटलंय."

"तुला खरचटलंय वाटतं. तुझं बोट घाल आत, मी फिरवतो."

"धर, तो बूट धर. वाकडा घातलायस. आणि ग्रीस किती फासलंयस रे ते, लग्नातल्या हळदीसारखं."

"लग्नाचं नाव काढू नकोस माझ्यापुढं."

"का? लग्नानं काय वाकडं केलंय तुझं?"

 शीतलनं हातातला पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"त्या दिवशी तू गाडी तुझ्या दोस्ताच्या, कुंतीनाथच्या लग्नाला घेऊन गेलतास," शीतल म्हणाला. "नवरदेवाची गाडी म्हणून. झेंडूच्या माळा लावून. आणि अण्णांच्या छातीत कळ आली तेव्हा दारात गाडी न्हवती. मी रिक्षातनं नेलं त्यांना मिरजेला. अंकलीच्या पुलावर माझ्या मांडीवर गेले ते. मला कळलं बी न्हाई. मी आपला त्यांना सांगतोय, आलंच अण्णा, आलंच. आणि संध्याकाळी तू दारात आलास, माळांची गाडी घेऊन, हॉर्न वाजवत."

मी आईकडे बघितलं. हे मला माहीतच नव्हतं. मी त्या रात्री बेळगावहून पोचले तेव्हा गाडी दारात उभी होती, स्वच्छ धुतलेली.

 गाडीखालून दादा म्हणाला, "मला काय म्हाईत होतं रे."

"न्हवतं म्हाईत. ते कळतंय मला."

"डॉक्टर म्हणालेत की. विमान असतं तरी उपयोग न्हवता म्हणालेत."

"ते बी म्हाईत हाय."

"मग दोन वर्षं कशाला छळलास?"

"तू एकदा तरी काही बोललास? आलास, माळा ओरबाडून काढल्यास आणि लागलास कामाला. मंडप कुणी सांगितला, लाकडं कुणी आणली, सगळं बघितलंस. माझ्याकडं एकदा तरी बघायचंस की. एकदा तरी काही म्हणायचंस."

"काय म्हणायचं होतं मी?"

"काहीही! शिवी घालायची! मी काय सांगू तुला काय म्हणायचं ते!"

"माझी तोंड दाखवायची हिंमत न्हवती तुला," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "त्या सीटवर बसून मी वरातीत हॉर्न वाजवत होतो, शीतल. नाचणाऱ्यांना बाजूला करायला. रोज वाजतोय तो माझ्या कानात. तुला काय वाटलं, मला ही गाडी मिरवायला पाहिजे होती? ही दुसऱ्या कुणी घेऊन त्यात हसतखेळत बसलेलं मला बघवलं नसतं."

"आणि डावी बाजू मी का मागितली ते तरी कळलं का तुला?"

"अण्णा बसायचे तिथं."

"कळलं होतं?"

"मला बी तीच पाहिजे होती. तू आधी बोललास."

"मागितली असतीस तर..."

"दिली असतीस?"

"न्हाई," शीतल म्हणाला. आणि गाडीखालून एक विचित्र आवाज यायला लागला. ते रडत होते का हसत होते ते मला आजही सांगता येणार नाही. दोघे मिळून करत होते एवढं खरं.

दोन वर्षं मी या दोघांचे निरोप वाहिले. पाण्याचे, विजेच्या बिलाचे, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांचे. हा निरोप दोघांपैकी कुणीही, एकदाही, माझ्याकडे दिला नव्हता.

"तुला माहीत होतं?" मी आईला विचारलं.

"घरात मीच होते की त्या दिवशी."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी त्यांना समजावलं असतं."

"तू गोड करून सांगितलं असतंस," आई म्हणाली. "आणखी एक निरोप झाला असता." तिनं माझं मनगट सोडलं. तिथं तिच्या चार बोटांचे वळ उमटले होते. "जा, मुगाचं पाणी आण."

"आणि बाहुबली?"

"तो डोंगर कुठं जातोय? उद्या जाऊ. दिवस हाय तोवर आण."

मी पाणी गरम केलं. घाईत निम्मं ओट्यावर सांडलं. आईनं आधी हात जोडून डोळे मिटले, ओठातल्या ओठात णमोकार मंत्र म्हटला आणि मग वाटी तोंडाला लावली. पहिला घोट घशाखाली गेला तसा तिचा चेहरा सैल पडला. मला तेव्हा रडू आवरलं नाही. दोन वर्षं माहेरी येऊन मी दोन मजल्यांवर दोनदा जेवत होते, दोन वेळा ओवाळत होते, दोन वेळा डोळे पुसत निघत होते, आणि बेळगावच्या गाडीत बसले की वाटायचं, आई गेली की हे दार आपल्यासाठी बंद. ते मी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी पदर तोंडाला लावून मी तिच्या पायाशी बसून पोटभर रडले, आणि ती आपली सावकाश घोट घेत होती, जणू मी तिथं नाहीच.

डोळे पुसून मी बाहेर गेले. नाही म्हटलं तरी सवय. बूट चढला होता, बाहेरची क्लिप तेवढी राहिली होती आणि ती कुणाला सापडत नव्हती. चारही पाय अजून एकाच बाजूला होते.

"ती क्लिप तुझ्या पाठीखाली असणार."

"माझ्या पाठीखाली तूच हाईस. सरक तिकडं."

"आणि खूण कुठं केलीयस? किती आट्यांवर होता टायरॉड?"

"खूण करून घ्यायला तूच सांगितलंस न्हवं?"

"म्हणजे केली न्हाईस?"

"तुझ्या बोलण्याच्या रागात न्हाई केली."

(त्यांनी तो शेवटी अंदाजानंच लावला. पुढं ती गाडी विकेपर्यंत कायम थोडी डावीकडे ओढायची, आणि दोघेही तो दोष दुसऱ्याला, तोंडावर, मोठ्यानं द्यायचे. माझा बेळगावचा फोन मात्र त्या आठवड्यापासून गप झाला. यजमान म्हणाले, बिघडलाय का बघ.)

मी वाकले. क्लिप मला दिसली होती, मागच्या चाकापाशी पडली होती. ती उचलून मी म्हणाले, "शीतल, दादा म्हणतोय..."

"तू मध्ये बोलू नकोस गं!" दोघेही एकदम ओरडले. एका सुरात. मग दादाचा काळा हात बाहेर आला, त्यानं क्लिप माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाला, "आत जा तू."

आयुष्यात कुणी इतका अपमान करून हाकललेलं मला इतकं गोड लागलं नव्हतं. मी आत गेले. आईनं वाटी रिकामी करून खाली ठेवली होती.

"हाकललं मला दोघांनी," मी म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाली. "आता ताट वाढून घे. सकाळधरनं तू बी उपाशीच हाईस."